‘सपोर्टेड नाही’ म्हणजे नक्की काय? लांज्यातल्या एका डोंगलची आणि त्यामागच्या साठ वर्षांची गोष्ट

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. पण शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी यांच्या कॉम्प्युटरशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

परवा आमच्या गावच्या शाळेत बैठक होती. विषय साधा: शाळेतले आठ कॉम्प्युटर भंगारात काढायचे का? १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही नवा लागतो. मशीन चालू आहेत, स्क्रीन चांगले आहेत, पोरं त्यावर टायपिंग शिकतायत. पण कागदावर ते आता ‘अनसपोर्टेड’ झाले.

मी म्हटलं, लिनक्स टाकूया. फुकट आहे, मराठी चालतं, जुन्या मशीनवर पळतं.

गुरुजी म्हणाले, “ते ठीक आहे हो, पण त्यावर नेट चालेल का?”

हा प्रश्न ऐकला आणि मी एकदम १४ वर्षं मागे गेलो. कारण हाच प्रश्न मला २०११ च्या जूनमध्ये पडला होता आणि त्याचं उत्तर शोधताना माझी लांज्याला एसटीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या.

आमचं गाव लांज्यापासून सात-आठ किलोमीटर आत, मुचकुंदी नदीच्या खोऱ्याकडे. देशात तांब्याच्या तारेवरचं सरकारी ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत सुरू झालं. पण त्या एडीएसएल तंत्राची एक मर्यादा असते. एक्सचेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे तारेवरचा सिग्नल इतका क्षीण होतो की ब्रॉडबँड टिकत नाही. म्हणजे घरात फोन वाजायचा, पण इंटरनेट नाही. कोकणातल्या वाड्या एकेका डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या; एका वाडीसाठी तार ओढायची तर मध्ये दोन पऱ्हे आणि एक सडा. त्यामुळे आमच्यासारख्यांना बिनतारी नेट हाच मार्ग होता.

त्या वर्षी धाकट्या बहिणीच्या प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. घरात एक जुना कॉम्प्युटर होता, पुण्यातल्या एका ऑफिसातून सेकंडहँड आणलेला. त्यात विंडोज नव्हतं. ओरिजिनल घ्यायला पैसे नव्हते, आणि चोरीचं टाकलं की पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे ते वेगळंच. म्हणून मी त्यावर उबुंटू टाकलं होतं. उबुंटूमागची कॅनॉनिकल कंपनी तेव्हा मागेल त्याला सीडी पोस्टाने फुकट पाठवायची. माझी सीडी दोन वर्षं जुनी होती. सीडी पाठवायची ती सोयही २०११ मध्येच बंद झाली.

मग एका कंपनीचा डोंगल घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या काळी सगळ्यांचं थोड्याफार फरकाने तेच होतं. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, रेशनकार्डाची झेरॉक्स दिली. दुकानदार म्हणाला, “दोन दिवसांत ॲक्टिव्हेट होईल, घरी जाऊन फक्त लावायचं.”

लावलं. काहीच झालं नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. स्क्रीनवर एक सीडी दिसायला लागली! कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह एक, त्यात सीडी नाही, आणि तरी सीडी दिसतेय. उघडली तर आत विंडोजचं सेटअप. मॉडेमचा पत्ताच नाही.

कॉल सेंटरला फोन केला. मुलगी फार नम्र होती. “सर, खाली डाव्या कोपऱ्यात गोल बटण दिसतंय का?” नाही दिसत. “सर, तुमचं विंडोज कुठलं?” विंडोज नाही, लिनक्स आहे. मग थोडा वेळ गाणं वाजलं. परत आली. “सॉरी सर, तुमची ऑपरेटिंग सिस्टम सपोर्टेड नाही. आमचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून त्यात दिसणारा ११ आकडी नंबर सांगितल्याशिवाय ॲक्टिव्हेशन पूर्ण होणार नाही.”

फॉर्मची मुदत पाच दिवसांवर होती.

आता जरा इतिहासात जाऊया, म्हणजे त्या वाक्यात काय दडलं होतं ते कळेल.

अमेरिकेत टेक्ससमध्ये थॉमस कार्टर नावाचा माणूस होता. त्याने एक यंत्र बनवलं, कार्टरफोन. शहरापासून लांब तेलविहिरींवर, माळरानांवर काम करणाऱ्यांकडे रेडिओ असायचा. कार्टरफोन त्या रेडिओला टेलिफोनच्या जाळ्याशी जोडायचा. म्हणजे बघा, आडरानातल्या माणसाला बिनतारी मार्गाने जोडण्याचाच प्रश्न! टेलिफोनची मक्तेदारी असलेल्या एटी अँड टी कंपनीचा नियम होता की आमच्या जाळ्याला आमच्याच वस्तू जोडायच्या. भांडण सरकारी आयोगाकडे गेलं. १९६८ साली निकाल लागला: जाळ्याला इजा होत नसेल तर ग्राहक आपल्या पसंतीचं यंत्र जोडू शकतो. पुढे घरोघरी मॉडेम आले ते या निकालाने उघडलेल्या दारातून.

१९८१ मध्ये हेज या अमेरिकन कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला. त्याला हुकूम द्यायची एक साधी भाषा होती. प्रत्येक हुकुमाच्या सुरुवातीला ‘एटी’ ही दोन अक्षरं, म्हणजे ‘अटेन्शन’, सावधान! मग नंबर फिरव, फोन ठेव, वगैरे. ही भाषा इतकी सोयीची होती की सगळ्याच मॉडेमवाल्यांनी ती उचलली. १९९४ साली पीपीपी नावाचा, फोनच्या लाइनवरून इंटरनेट चालवायचा नियमसंच खुलेपणाने छापला गेला. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत ‘शेल अकाउंट’ मिळायचं. त्यात चित्रं नाहीत, फक्त काळ्या पडद्यावर अक्षरं. पण गंमत बघा, त्याला घरचा कॉम्प्युटर कुठला आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. डॉस असो, विंडोज असो, मॅक असो. मॉडेमने नंबर फिरवला आणि पलीकडच्या युनिक्स मशीनवर तुम्ही पोचलात. मार्च १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली आणि या देशातल्या कितीतरी पोरांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. लांज्यातून डायल करायचं तर एसटीडीचं बिल आलं असतं, ही गोष्ट वेगळी. पण गरीब इंटरनेट होतं तेव्हा ते कुणालाही ‘तू चालणार नाहीस’ म्हणत नव्हतं.

२००५ चं तारेवरचं ब्रॉडबँडही तसंच होतं. भिंतीजवळ मॉडेमची पेटी, तिच्यातून निघालेली इथरनेटची वायर कॉम्प्युटरला. इथरनेट हे खुलं प्रमाण. पेटीला पलीकडे काय आहे ते विचारायची गरजच नव्हती.

मग डोंगल आला आणि इथे गाडी उलटी फिरली.

डोंगल आत काय होता? १९८१ च्या त्याच ‘एटी’ भाषेत बोलणारा, तोच पीपीपी वापरणारा मॉडेम. नवं काहीच नाही. पण कंपन्यांनी विचार केला की गिऱ्हाइकाला सीडी द्यायची, ती हरवणार, त्यापेक्षा डोंगललाच सीडी बनवू. लावल्या लावल्या तो ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सांगायचा. विंडोज त्यातलं सॉफ्टवेअर चढवायचं, ते सॉफ्टवेअर एक सांकेतिक इशारा द्यायचं आणि मग डोंगल सीडीचं सोंग टाकून मॉडेम व्हायचा. सोय म्हणून ही कल्पना वाईट नव्हती. पण तो इशारा काय हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. ज्याच्याकडे विंडोज नाही, त्याच्याकडे डोंगल जन्मभर सीडीच राहणार.

म्हणजे ‘तुमची सिस्टम सपोर्टेड नाही’ याचा खरा अर्थ ‘तुमच्या सिस्टमला मॉडेम चालवता येत नाही’ असा नव्हता. उबुंटूमध्ये तर ‘मोबाईल ब्रॉडबँड’ म्हणून खास जागा होती. देश भारत निवडला की आपल्याकडच्या कंपन्यांची यादी यायची. लिनक्सवाल्यांनी कंपन्यांना सपोर्ट केलं होतं, कंपन्यांनी लिनक्सला केलं नव्हतं! खरा अर्थ एवढाच होता की ‘आमच्या दाराची कडी कशी उघडते ते आम्ही तुम्हाला सांगणार नाही.’

ती कडी उघडली जर्मनीच्या योझुआ डीत्झे या माणसाने. डोंगल आणि विंडोजमधलं बोलणं बघून, जगभरच्या लोकांकडून एकेका डोंगलची माहिती गोळा करून त्याने ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट देऊन टाकला. हे मला कळलं लांज्याच्या एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत, तासाला २० रुपये देऊन.

पण खरी अडचण पुढे होती. नेट चालू करायचा प्रोग्रॅम उतरवायला नेट लागतं! पेनड्राइव्हवर फाइल घेतली, एसटी पकडली, घरी आलो, चढवायला गेलो तर म्हणे अजून एक फाइल हवी. दुसऱ्या दिवशी परत लांजा. ती आणली तर तिला टीसीएल नावाचं तिसरंच काहीतरी हवं. परत लांजा. चौथ्या फेरीत मी शहाणा झालो. जे जे लागेल त्याची वहीत यादी करून गेलो आणि सगळं एकदम घेऊन आलो. पाऊस असा की पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवलेला.

त्या संध्याकाळी डोंगल लावला, दोन सेकंद थांबला, सीडी गायब झाली आणि मॉडेम दिसला. कुणीतरी दार उघडून “या” म्हणावं तसं वाटलं.

ॲक्टिव्हेशन मात्र बाकी होतं. त्यांना ११ आकडी नंबर हवा होता, जो फक्त त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो असं त्यांचं म्हणणं. मी मॉडेमला थेट विचारलं. त्याच जुन्या भाषेत, ‘एटी+जीएसएन’, म्हणजे तुझा अनुक्रमांक सांग. त्याने सांगितला, पण आठ अक्षरी, सोळांशी पद्धतीचा, आकड्यांमध्ये ए ते एफ अक्षरं मिसळलेला. डोंगलच्या मागच्या स्टिकरवरही तोच होता.

मग सायबर कॅफेत वाचलेलं कामी आलं. सीडीएमए मॉडेमचा हा नंबर दशमानात ११ आकडी लिहायची रीत ठरलेली आहे. पहिल्या दोन अक्षरांचे तीन आकडे करायचे, उरलेल्या सहांचे आठ. त्या काळातल्या बऱ्याच मॉडेमांचा नंबर ८० ने सुरू व्हायचा आणि सोळांशी ८० म्हणजे आपले १२८. उरलेलं मी वहीवर गुणाकार करून काढलं, दोनदा ताळा घेतला. कॉल सेंटरला फोन लावला. “नंबर सांगा सर.” १२८ पासून सुरू करून सांगितला. की-बोर्डचा आवाज आला. “थँक्यू सर, चार तासांत ॲक्टिव्हेट होईल.”

तिने विचारलं नाही की विंडोज कुठून आलं. मीही सांगितलं नाही.

रात्री नऊच्या सुमारास, पाच मीटरच्या यूएसबी वायरने डोंगल माजघरातल्या वाशाला टांगून (त्याहून लांब वायर यूएसबीला चालत नाही आणि खाली सिग्नल नव्हता) #७७७ हा नंबर फिरवला आणि लागलं. बाबा ओटीवरून विचारत होते, “लागलं काय रे?” वेग इतका की एक पान उघडेपर्यंत बहीण भाकरी उलटून यायची. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘ब्रॉडबँड’ छापलं होतं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट. आमच्या डोंगलची कागदावरची कमाल १४४. असो. मुदतीच्या आदल्या रात्री फॉर्म गेला. बहिणीला प्रवेश मिळाला. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे.

गोष्ट इथे संपली असती. पण मला नंतर कायम एक खटकत राहिलं. मला जमलं, कारण मला आवड होती आणि चार फेऱ्यांचं तिकीट होतं. वाडीतल्या दुसऱ्या कुणाला ‘सपोर्टेड नाही’ म्हटलं असतं तर तो बिचारा “आपलंच मशीन खराब” म्हणून गप्प बसला असता. हवेतल्या लहरी या जनतेच्या मालकीच्या, सरकार त्या कंपन्यांना वापरायला देतं. त्या लहरींपर्यंत पोचायला आधी एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घ्या, ही अट कुठल्याही कायद्यात नव्हती. ती कुणीतरी डोंगल बनवताना, फारसा विचार न करता, घालून ठेवली होती.

आणि योगायोग बघा. माझ्या या खटपटीच्या सातच महिने आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणकांचं धोरण जाहीर केलं होतं. २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्स वापरायचंही धोरण आलं. कागद चांगले आहेत. पण ते डोंगलपर्यंत पोचत नाहीत, बायोमेट्रिक यंत्रापर्यंत पोचत नाहीत, डिजिटल सहीच्या टोकनपर्यंतही पुष्कळदा पोचत नाहीत. तिथे आजही खरेदी करताना कुणी विचारत नाही की हे विंडोजशिवाय चालतं का.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दक्षिण कोरियासारख्या पुढारलेल्या देशात ऑनलाइन बँकिंगसाठी वर्षानुवर्षं इंटरनेट एक्सप्लोररच लागायचा, कारण सरकारमान्य प्रमाणपत्राची पद्धत ॲक्टिव्हएक्सवर बांधली गेली होती. जगातलं वेगवान इंटरनेट, आणि सगळे एका ब्राउझरच्या खुंटीला बांधलेले. त्या सरकारमान्य प्रमाणपत्राचं खास स्थान कायद्याने जायला २०२० चा डिसेंबर उजाडला. एकदा चुकीच्या जागी गाठ मारली की सुटायला २० वर्षं लागतात, ती अशी.

मग आमचा डोंगलचा प्रश्न सुटला कसा? कुठल्या कंपनीला उपरती झाली नाही. सप्टेंबर २०१६ नंतर ४जी स्वस्त झालं, फोनचा हॉटस्पॉट आला. फोन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये वाय-फाय, म्हणजे परत एक खुलं प्रमाण. वाय-फाय विचारत नाही की तुझ्याकडे काय आहे. एका रात्रीत ‘सपोर्टेड’चा प्रश्नच मावळला. आणि ज्या फोनवरून आपण हॉटस्पॉट देतो त्या अँड्रॉइडच्या पोटात काय आहे? लिनक्सचाच गाभा. २०११ मध्ये मला जे ‘चालणार नाही’ म्हणून सांगितलं, ते आज लांज्याच्या बाजारात प्रत्येक भाजीवाल्याच्या खिशात आहे.

१९६८ पासून आजपर्यंतचा हा इतिहास मला एकच सांगतो. ‘सपोर्टेड नाही’ हा बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो, कुणाचा तरी निर्णय असतो. जिथे दोन यंत्रांमधली जोडणी खुल्या नियमांवर असते, तिथे तो निर्णय घ्यायची सत्ता कुणाकडेच राहत नाही. जिथे मध्ये कुणाचं तरी झाकलेलं सॉफ्टवेअर असतं, तिथे आज ना उद्या कुणीतरी बाहेर राहतं. आज आमच्या शाळेचे आठ कॉम्प्युटर बाहेर राहतायत.

बैठकीत मी एवढं सगळं सांगितलं नाही, गुरुजींना घरी जायचं होतं. फक्त म्हटलं, “गुरुजी, नेट चालेल. माझा फोन घ्या.” बरोबर नेलेल्या पेनड्राइव्हवरून एका मशीनवर लिनक्स सुरू केलं, हॉटस्पॉट दिला. सातवीतली एक मुलगी शेजारी उभी होती, तिने लगेच मराठीत गावाचं नाव टाइप करून नकाशा काढला. कुणी तिला सांगितलं नव्हतं की ही वेगळी सिस्टम आहे.

ठरलं असं: दोन महिने चार मशीनवर लिनक्स चालवून बघायचं, मग भंगाराचा विचार. प्रिंटरचं काय होतं ते अजून बघायचंय, तो जुना आहे आणि हट्टी आहे. जमलं नाही तर तेही इथेच लिहीन, लपवणार नाही.

तोपर्यंत ज्यांच्या हातात शाळेची, ग्रामपंचायतीची, सोसायटीची खरेदी आहे त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, काहीही घेताना कोटेशनमध्ये एक ओळ घाला: ‘विंडोजशिवाय इतर ऑपरेटिंग सिस्टमवर चालले पाहिजे.’ एका ओळीला पैसे पडत नाहीत.

आणि तुमच्या गावात ‘अनसपोर्टेड’ म्हणून कोपऱ्यात पडलेले कॉम्प्युटर असतील तर कमेंटमध्ये सांगा. रविवारी मी मोकळा असतो.